बालकांची स्क्रीन-सवय, मोकळ्यावरचा खेळ आणि आरोग्यदायी वजन (ठाणे व नवी मुंबई)

जन्मापासून साधारणतः सहाव्या वर्षापर्यंतच्या मुलांच्या दिनक्रमातील परस्परांशी निगडित अशा तीन बाबींचा विचार प्रस्तुत नोंदीत, ठाणे व नवी मुंबई या शहरांच्या संदर्भात, केला आहे. ‘स्क्रीन’ या संज्ञेत दूरचित्रवाणी, मोबाइल, टॅबलेट व संगणक यांवर बसून वा पडून पाहिलेले सर्व काही येते. ‘मोकळ्यावरचा खेळ’ यात अंगण, गच्ची, बाग, मैदान व इमारतीचे आवार येथील हालचालीचे खेळ येतात.

पाच वर्षांखालील मुलाचे वजन योग्य आहे की नाही हे केवळ काट्यावरील आकड्यावरून ठरत नाही. ते उंचीच्या मानाने पाहावे लागते. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेले वाढीचे तक्ते सध्या वापरात आहेत. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या सहा देशांत अनुकूल परिस्थितीत व स्तनपानावर वाढलेल्या मुलांच्या मोजमापांवर ते आधारलेले असून भारतातील नमुना दक्षिण दिल्लीतून घेतलेला होता. उंचीसापेक्ष वजन मध्यकाच्या (त्याच उंचीच्या मुलांच्या मधल्या वजनाच्या) वर दोन प्रमाण विचलनांहून (प्रमाण विचलन म्हणजे मध्यकापासूनचा फरक मोजण्याचे संख्याशास्त्रीय माप) अधिक असल्यास अतिवजन, तर तीनहून अधिक असल्यास लठ्ठपणा मानतात. पाच वर्षांपुढील मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये सुधारित तक्ते स्वीकारले. त्यांच्या सिद्धतेत पुण्याचे वामन खाडिलकर व अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा होता.

या वयातील एक शारीरिक वस्तुस्थिती पालकांना सहसा ठाऊक नसते. उंची व वजन यांवरून काढलेला बीएमआय हा निर्देशांक पहिल्या वर्षाच्या सुमारास उच्चांक गाठतो, नंतर उतरत जाऊन पाचव्या-सहाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत खाली येतो आणि तेथून पुन्हा चढू लागतो. हा दुसरा चढ ज्यांच्यात लवकर सुरू होतो त्यांच्यात पुढे स्थूलता अधिक आढळते, असे फ्रान्समधील रोलां-काशेरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवले. लवकर आलेला चढ हे स्थूलतेचे कारण आहे की आधीच सुरू झालेल्या वाढीची केवळ खूण, याविषयी मतभेद आहेत व दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. काही असले तरी तीन-चार वर्षांचे मूल सडसडीत दिसणे हे स्वाभाविक असते, आणि ‘बाळ सुकले’ या काळजीपोटी नेमक्या याच काळात घरातील मोठी माणसे त्याला अधिक भरवू लागतात.

याच्या जोडीला भारतीय शरीररचनेचा प्रश्न आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील खेड्यांत केलेल्या माता-पोषण अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे सुमारे ३.५ किलो आढळले. मात्र वजनाच्या मानाने भारतीय बालकांतील त्वचेखालील मेद फारसा कमी नव्हता. दिसायला बारीक आणि तरीही मेदाचे प्रमाण अधिक, अशी ही ठेवण असल्याने परदेशी सीमारेषा येथे जशाच्या तशा लावताना सावधगिरी बाळगावी लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात पाच वर्षांखालील अतिवजनाचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ३.४ टक्के झाले. त्याच पाहणीत १९.३ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश होती. घोडबंदर रस्त्यावरील उंच इमारती आणि वागळे इस्टेटमधील दाट वस्त्या यांत फार अंतर नाही, त्यामुळे एकाच बालरोगतज्ज्ञापुढे या दोन्ही टोकांची मुले येतात.

स्क्रीनविषयक शिफारशींचा आरंभ सर्वसाधारणपणे अमेरिकन बालरोग अकादमीच्या १९९९ च्या निवेदनापासून मानला जातो. त्यात दोन वर्षांखालील मुलांना दूरचित्रवाणी दाखवू नये, असे सुचवले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षापर्यंत व दुसऱ्या वर्षातही स्क्रीन मुळीच नको आणि दोन ते चार वर्षे वयात दिवसाला एक तासाहून अधिक नको, असे सांगितले. एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल करावी व तीन-चार वर्षांच्या मुलांची त्यांतील किमान ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचालीची असावीत, असेही त्यात म्हटले आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शक सूचनाही याच धर्तीच्या आहेत. दूरच्या नातेवाइकांशी व्हिडिओ कॉलवर बोलण्याची सवलत त्यांत दोन वर्षांखालील मुलांनाही आहे. आजी-आजोबा सातारा, कोकण वा खानदेशात आणि आई-वडील ऐरोली किंवा तळोज्यात, अशी स्थिती असलेल्या कुटुंबांच्या दृष्टीने ही सवलत योग्यच आहे.

स्क्रीनमुळे वजन वाढते ते नेमके कशामुळे, हा या विषयातील सर्वाधिक वादाचा मुद्दा आहे. डीट्झ व गोर्टमेकर यांनी १९८५ मध्ये अमेरिकी मुलांत दूरचित्रवाणीचे तास व स्थूलता यांचा संबंध दाखवला, तेव्हापासून बराच काळ ‘स्क्रीन खेळाची जागा घेते, हालचाल घटते व मेद साचतो’ ही उपपत्ती प्रचलित राहिली. ती सहज पटणारी असली तरी प्रयोगांनी तिला अपेक्षित आधार दिलेला नाही. रॉबिन्सन यांनी कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील शाळांत केलेल्या व १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पाहण्याचा वेळ घटवलेल्या मुलांचा बीएमआय इतरांच्या तुलनेत कमी वाढला, परंतु त्यांच्या जोरकस हालचालीत लक्षणीय फरक पडला नाही. दूरचित्रवाणीसमोर बसून घेतलेली जेवणे मात्र कमी झाली. एपस्टाइन यांच्या २००८ च्या अभ्यासातील मुले चार ते सात वर्षांची, म्हणजे प्रस्तुत वयोगटाच्या अधिक जवळची होती, आणि तेथेही वजनातील फरक हालचाल वाढल्यामुळे न पडता खाणे घटल्यामुळे पडल्याचे दिसले. इंग्लंडमधील प्लायमथ येथे मुलांच्या एका गटाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला. त्यात तर कमी हालचालीमुळे स्थूलता येण्याऐवजी स्थूलतेमुळे हालचाल मंदावत असल्याचा निष्कर्ष निघाला. या मुलांचे वय थोडे अधिक होते, म्हणून तो निष्कर्ष लहानग्यांना सरसकट लावणे धाडसाचे ठरेल.

या सर्वांचा विचार करता, स्क्रीनचा वजनावरील परिणाम मुख्यतः खाण्याच्या वाटेने होतो, हे मत अधिक ग्राह्य धरावे लागते. लक्ष पडद्याकडे असताना पोट भरल्याची जाणीव उशिरा होते, जाहिरातींतील गोड-खारट पदार्थांची मागणी वाढते आणि झोपेची वेळ पुढे ढकलली जाते. अपुऱ्या झोपेचा मुलांच्या स्थूलतेशी असलेला संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. म्हणूनच मोबाइल दाखवून भरवण्याची प्रथा एकूण तासांपेक्षाही अधिक काळजीची वाटते. चिऊ-काऊचा घास भरवतानाही मुलाचे मन रमवलेच जात असे. परंतु तेथे भरवणाऱ्याची नजर मुलाच्या चेहऱ्यावर असे आणि त्याने तोंड फिरवले की घास थांबत असे. नोकरी व लोकल-प्रवास यांतून थकून आलेल्या आई-वडिलांना, किंवा एकट्याने नातवंड सांभाळणाऱ्या आजीला, यासाठी दोष देणे अन्यायाचे होईल.

मोकळ्यावरच्या खेळाने वजन कितपत आटोक्यात राहते, याचे उत्तर सावधपणेच द्यावे लागते. वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यानुसार पाच वर्षांपर्यंतच्या मुलांत आहार व हालचाल या दोहोंवर एकत्रित काम केल्यास बीएमआयमध्ये अल्प घट दिसते. केवळ हालचालीने तशी घट सिद्ध झालेली नाही. याचा अर्थ खेळ गौण ठरतो असा नव्हे. हाडे, तोल, झोप, भाषा आणि दृष्टी यांसाठी त्याचे मोल स्वतंत्र आहे : चीनमधील ग्वांगजौ येथे शाळेत रोज ४० मिनिटे अधिक बाहेर घालवलेल्या मुलांत तीन वर्षांत लघुदृष्टी जडण्याचे प्रमाण ३०.४ टक्के, तर इतरांत ३९.५ टक्के आढळले (२०१५).

लंगडी, लपंडाव, विषामृत, साखळी, डोंगर-पाणी या खेळांना साहित्य लागत नाही; लागतो तो उंबऱ्याजवळचा, मोठ्यांच्या नजरेच्या टप्प्यातला मोकळा तुकडा. या दृष्टीने चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात बेलापूर येथे आखलेली आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत महत्त्वाची आहे. तेथे सात घरे सुमारे आठ मीटर लांब-रुंद चौकाभोवती मांडलेली असून अशा तीन गटांमध्ये आणखी मोठा चौक ठेवला आहे. पुढे रहिवाशांनी घरांत पुष्कळ बदल केले. नेरूळचे वंडर्स पार्क, खारघरचे सेंट्रल पार्क, ठाण्यातील तलावपाळी, कचराळी व उपवन तलावांचे काठ ही ठिकाणे आठवड्याच्या सुटीला उपयोगी पडतात, पण तीन वर्षांच्या मुलाचा रोजचा खेळ घरापासून चालत दोन-तीन मिनिटांच्या आतच होतो. नव्या संकुलांत ही जागा वाहनतळावरील पोडियमवर (उंच मोकळ्या मजल्यावर) असते, तर जुन्या सोसायट्यांत ती बहुधा गाड्यांनी व्यापलेली असते. जून ते सप्टेंबर या पावसाळ्यात व्हरांडा, जिना आणि सोसायटीचा हॉल एवढाच आधार उरतो.

या प्रदेशाला बालशिक्षणातील मोकळ्या खेळाची परंपरा आहे. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व नंतर कोसबाड येथे ग्रामीण व आदिवासी मुलांसाठी चालवलेले कार्य तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच झाले. २०१४ मध्ये हा भाग पालघर जिल्ह्यात गेला. वस्तीतील अंगणात जाऊन मुलांना एकत्र करणे, हे त्यांच्या पद्धतीचे वैशिष्ट्य होते. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाड्यांत मुलांचे वजन नियमित घेतले जाते, परंतु तिचा रोख प्रामुख्याने कुपोषणावर राहिला आहे.

अतिवजन आढळलेल्या पाच वर्षांखालील मुलाला उपाशी ठेवणे वा वजन उतरवण्याचा आहार देणे सामान्यतः अयोग्य मानले जाते. वजनवाढीचा वेग मंदावून उंचीला त्याच्याशी जुळू देणे, जेवताना पडदा बंद ठेवणे, बिस्किटे व गोड पेयांऐवजी घरचे पोहे, उपमा, भाकरी, उसळ व फळे देणे आणि मुलाने ‘पुरे’ म्हटल्यावर थांबणे, असा उपक्रम बालरोगतज्ज्ञ सुचवतात. त्याबरोबर उंची व वजन यांची तक्त्यावरील नोंद दर काही महिन्यांनी तपासली जाते.