किलीमांजारो

किलीमांजारो हा टांझानियात, केनियाच्या बॉर्डरला लागून असलेला ज्वालामुखी डोंगर, आफ्रिकेतला सगळ्यात उंच, ५,८९५ मीटर (नंतरच्या जीपीएस मोजणीत ५,८९२ पण आलंय, पण बहुतेक ठिकाणी जुनाच आकडा चालतो). विषुववृत्तापासून जेमतेम ३ अंश दक्षिणेला आणि तरी माथ्यावर बर्फ, म्हणून एवढं कौतुक. कुठल्या रांगेतला नाही, सपाटीतून एकटाच वर आलेला. तीन शंकू आहेत: शिरा सगळ्यात जुना, तो कोसळून त्याचं पठार झालं, मावेंझी (५,१४९ मीटर) झिजून नुसते सुळके उरलेत, आणि मधला किबो. किबो मेलेला नाही, सुप्त आहे, विवरातून अजून गंधकाचा वायू येतो.

नावाचा मात्र घोळ आहे. स्वाहिलीत म्लिमा म्हणजे डोंगर, त्यातला 'म्' काढून 'कि' लावला की किलिमा, म्हणजे लहान डोंगर, आपल्याकडे टेकाडाची टेकडी होते ना तसंच. आता एवढ्या धुडाला टेकडी कोण म्हणेल? कोणी म्हणतं लाडाने म्हटलं असेल, कोणी म्हणतं ऐकणाऱ्या युरोपियन लोकांनीच घोळ घातला. 'न्जारो'चं तर त्याहून अवघड. क्राफ्फ या जर्मन मिशनऱ्याने 'मोठेपणाचा डोंगर' किंवा 'तांड्यांचा डोंगर' असे दोन्ही अर्थ दिले, जोसेफ थॉमसन या स्कॉटिश प्रवाशाने पांढरेपणाचा अर्थही मांडला, शिवाय मसाई भाषेत पाण्याला 'न्गारे'सारखा शब्द आहे म्हणून झऱ्यांचा डोंगर, आणि न्जारो नावाचं थंडी आणणारं भूत होतं अशीही एक गोष्ट. चागा भाषेतून 'पक्ष्यालाही (किंवा तांड्यालाही) न जमलेला' असा अर्थ काढतात, तो ऐकायला छान आहे, पण नंतर जुळवलेला वाटतो, कारण पायथ्याशी पिढ्यान् पिढ्या केळीच्या बागा करणाऱ्या चागा लोकांकडे अख्ख्या डोंगराला एक नावच नव्हतं म्हणतात, ते किबो आणि मावेंझी अशी वेगवेगळीच नावं घेत. त्यामुळे हे नाव किनाऱ्यावरून येणाऱ्या तांडेवाल्यांनी लांबून बघून ठेवलं असावं, हे जास्त पटतं. (मराठी कानाला 'मांजर' ऐकू येतं, त्याचा इथे काही संबंध नाही.)

१८४८ च्या मे महिन्यात योहानेस रेबमान या जर्मन मिशनऱ्याने डोंगरावर पांढरं काहीतरी पाहिलं. वाटाड्या त्याला नुसतं 'थंडी' म्हणाला, बर्फाला त्याच्याकडे दुसरा शब्द नव्हता, रेबमानला मात्र लगेच कळलं. लंडनमध्ये घरबसल्या भूगोल लिहिणाऱ्या कूलीने ते साफ उडवून लावलं, विषुववृत्तावर कसला बर्फ म्हणून. पुढे १८८९ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मन भूगोलतज्ज्ञ हान्स मायर आणि ऑस्ट्रियन गिर्यारोहक लुडविग पुर्टशेलर किबोच्या माथ्यावर पहिल्यांदा पोचले, मायरने त्या टोकाला जर्मन कैसर विल्हेल्मचं नाव दिलं. १९६१ मध्ये टांगानिका (आताच्या टांझानियाचा मुख्य भूभाग) स्वतंत्र झाल्यावर त्याचं उहुरू झालं, स्वाहिलीत उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. व्हिक्टोरिया राणीने हा डोंगर नातवाला, म्हणजे याच कैसर विल्हेल्मला, वाढदिवसाला भेट दिला म्हणून बॉर्डर वाकडी झाली, ही गोष्ट सगळीकडे फिरते, पण ती दंतकथाच, रेघ १८८६ च्या ब्रिटिश-जर्मन वाटाघाटीत ठरली.

बर्फ १९१२ च्या तुलनेत ८० टक्क्यांहून जास्त कमी झालाय. १९७३ मध्ये नॅशनल पार्क, १९८७ मध्ये युनेस्कोच्या यादीत. चढायला मारांगू आणि माचामे हे नेहमीचे रस्ते, जवळचं शहर मोशी.