इंकस्केपमधला गाईड पाथ आला कुठून

इंकस्केपसारख्या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये माउसने फ्रीहँड रेघ ओढली की ती थरथरते, त्यावर नव्याने काही सांगायला नको. उपाय दोन तऱ्हेचे निघाले आणि दोन्ही बरेच जुने आहेत. एक म्हणजे कर्सरला खेचून घेणं. १९६३ च्या स्केचपॅड या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्येच लाइट पेन (स्क्रीनवर टेकवायचं पेन) एखाद्या रेघेजवळ नेलं की ते रेघेवरच टेकलंय असं धरलं जायचं, आजचं स्नॅपिंग त्याच घराण्यातलं. दुसरा म्हणजे कर्सरच्या मागे वजन लावणं. १९८९ च्या डायनाड्रॉ या प्रोग्रॅममध्ये ब्रश माउसला रबराने बांधल्यासारखा मागून यायचा, त्याला वस्तुमान होतं, घर्षण होतं, त्यामुळे हाताचे बारीक झटके रेघेत उतरायचेच नाहीत. इंकस्केपचं कॅलिग्राफी टूल याच डायनाड्रॉवर उभं आहे, टूलबारवरचं मास (वस्तुमान) तिथूनच आलंय.

पण या दोन्हींनी एक काम होत नव्हतं, ते म्हणजे हॅचिंग. जुन्या तांब्याच्या पत्र्यावरच्या एन्ग्रेव्हिंगमध्ये सावली रंगाने येत नाही, शेजारी शेजारी वाहणाऱ्या रेघांनी येते, जाड रेघ म्हणजे अंधार, बारीक म्हणजे उजेड. नाशिकला छापलेली नोट भिंगाखाली धरून गांधीजींचा गाल बघा, सगळा रेघांचा आहे. अशा चाळीस-पन्नास रेघा हाताने सारख्या अंतरावर ओढायला वर्षांचा सराव लागतो, आणि स्नॅपिंग लावलं तर रेघ आधीच्या रेघेवरच जाऊन बसते, आपल्याला तर शेजारून जायचंय.

मार्च २००८ मध्ये आलेल्या इंकस्केपच्या ०.४६ आवृत्तीत यावर गाईड पाथ आला, म्हणजे जिच्या शेजारून चालायचं ती रेघ. समजा पाणी प्यायच्या तांब्याचं पोट शेड करायचंय. पोटाची एक गोलाई काढायची, ती सिलेक्ट ठेवायची, कॅलिग्राफी टूल घ्यायचं आणि कंट्रोल दाबायचा. कर्सरभोवती एक राखाडी वर्तुळ दिसतं, त्याची कड गोलाईच्या सगळ्यात जवळच्या बिंदूला टेकलेली असते. हवं तेवढं अंतर आलं की ओढायला सुरुवात करायची, त्या क्षणी त्रिज्या लॉक होते, वर्तुळ हिरवं होतं आणि गोलाईवरून घरंगळत जातं, आणि शाई पडते ती वर्तुळाच्या केंद्रातून, माउसच्या टोकातून नाही. बटण सोडा पण कंट्रोल सोडू नका, अंतर लक्षात राहतं. नवीन काढलेली रेघ आता आपोआप सिलेक्ट झालेली असते म्हणजे तीच पुढची गाईड, मग तिच्या शेजारी तिसरी, तिच्या शेजारी चौथी.

इथे शब्दाचा घोळ आहे आणि नवीन माणूस हमखास यातच अडकतो. रूलरमधून ओढून आणायची ती निळी सरळ रेघ म्हणजे गाईडलाइन, तिचं काम स्नॅपिंगपुरतं. गाईड पाथ म्हणजे तुम्ही सिलेक्ट केलेली कुठलीही रेघ, अक्षराची कडसुद्धा चालते. त्यात कंट्रोलचे अर्थही टूलगणिक बदलतात, पेन टूलमध्ये तो कोन अडवतो, पेन्सिलमध्ये कंट्रोल धरून क्लिक केलं की ठिपका उमटतो, आणि कॅलिग्राफीत गाईड पकडतो. मी शिकवताना म्हणून "गाईड" असं नुसतं म्हणतच नाही, एकाला निळी रेघ म्हणतो आणि दुसऱ्याला धरायची रेघ.

खरा वादाचा मुद्दा मात्र पकडीचा आहे. गाईडने कर्सरला शेवटपर्यंत धरून ठेवायचं की सोडायचं? इंकस्केपमध्ये ती सोडते. माउस बराच लांब नेला की वर्तुळ लाल होतं, पकड सुटते आणि रेघ तुमच्या हातात येते. बऱ्याच जणांना हा बग वाटतो, सांगितलंय समांतर चाल तर समांतर चाल, मध्येच सुटायचं काय. मला हा निर्णय शंभर टक्के बरोबर वाटतो. तांब्याची गोलाई गळ्यापाशी संपते पण सावली तिथे संपत नाही, ती थोडी पुढे जाऊन विरते, आणि पक्की बांधलेली रेघ गाईडच्या टोकाशी येऊन तिथेच अडली असती. शिवाय नुसतं समांतर गेलं तर भूमितीच आडवी येते, वळणाच्या आतल्या बाजूला प्रत्येक पुढची रेघ जास्त आवळत जाते आणि शेवटी टोक येतं. बारीक थरथर टूल स्वतः थोडी दाबतं, पण खोल वळणाचा आवळ हातानेच सोडवावा लागतो, आणि त्यासाठी आधी हात सुटा हवा.

याच्या जोडीला मागच्या चित्राच्या गडदपणावरून रेघेची जाडी ठरवणारं बटण आहे, त्यामुळे फोटो खाली ठेवून त्यावर एन्ग्रेव्हिंग करता येतं, दाब ओळखणारा ड्रॉइंग टॅबलेट नसला तरी. पुढे ०.९२ मध्ये पेन्सिलला बी-स्प्लाइन मोड (गुळगुळीत वक्र काढणारा) मिळाला, २०२० च्या १.० मध्ये पेनच्या दाबावरून जाडी बदलणारी पेन्सिल आली, आणि लोकांचं लक्ष तिकडे गेलं. गुळगुळीत एकटी रेघ आता पेन्सिलनेही छान येते. शेजारून चालणारी रेघ हवी असेल तर अजून कॅलिग्राफी टूल घेऊन कंट्रोलच दाबावा लागतो.