कळलावी आणि पाकोळी

कळलावी (ग्लोरिओसा सुपर्बा) ही विषारी रानवेल आणि पाकोळी (एपस अफिनिस) हा पक्षी, दोन्ही इंदूर परिसरात आढळतात. पाकोळ्या जुन्या शहरात संध्याकाळी घरांवरून किलबिलत घिरट्या घालतात. कळलावीसाठी पावसाळ्यात महूपुढे विंध्याच्या घाटउतरणीकडे जावे लागते. माळव्यात हिंदी भाषक तिला कलिहारी म्हणतात.

एक वनस्पती, एक प्राणी. तरी रूपावरून केलेले वर्गीकरण दोघींच्या बाबतीत फसले. कळलावी बरीच वर्षे पलांडू (लिली) कुलात मोडत असे. आता ती कॉल्चिकेसी कुलात आहे. वर्गीकरणशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५८ मध्ये युरोपातली पाकोळी भिंगरी (स्वॅलो) या दिसायला सारख्या पक्ष्याच्याच प्रजातीत (जीनसमध्ये) घातली होती. आज पाकोळ्यांचे एपोडिडी हे वेगळे कुल असून त्यांचे जवळचे नातलग अमेरिकेतले गुंजनपक्षी (हमिंगबर्ड) आहेत. ओळखायची खूण सोपी : तारेवर बसलेली दिसली तर ती भिंगरी. पाकोळीची चारही बोटे पुढे वळलेली असल्याने तिला तार पकडता येत नाही, ती उभ्या भिंतीला लटकते. उडता उडता पकडलेली पिसे नि गवत लाळेने चिकटवून ती कमानीखाली घरटे बांधते.

कळलावीच्या पानाचे टोक तणाव्यासारखे वळून आधार धरते. फुलाच्या सहा पाकळ्या उलट्या वळतात. आधी हिरवट, मग पिवळ्या, शेवटी लालभडक. कंद नांगराच्या आकाराचा, म्हणून संस्कृतात लांगली. प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी तो वापरत, त्यावरून मराठी नाव पडले. आज हा प्रयोग कोणी करू नये. सर्वांगात, विशेषतः कंदात, कॉल्चिसीन हे विष असते. रताळे किंवा रानकंद समजून खाल्ल्यास काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. वाचलेल्या रोग्याचे केस पुढे आठवड्या-दोन आठवड्यांत गळतात. यावर खात्रीचा उतारा नाही. हेच द्रव्य मोजक्या मात्रेत संधिवाताच्या एका प्रकारावर औषध आहे.

कोणती जाती किती धोक्यात आहे हे सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत दोन्ही जाती 'किमान चिंता' या एकाच वर्गात आहेत. हा शिक्का जगभरच्या संख्येचा. एखाद्या रानातली अवस्था त्यातून कळत नाही. पाकोळीला माणसाच्या बांधकामाचा फायदाच झाला, फक्त रंगरंगोटीच्या वेळी घरटी खरवडली जातात. कळलावीचे दुखणे कंदात आहे. तमिळनाडूत बियांसाठी तिची शेती होते, पण लागवडीचे कंदही पुष्कळदा रानातूनच खणून आणतात. कंद गेला की पुढच्या पावसात त्या जागी वेल उगवत नाही.