सर्व्हलेट कॉन्फिग की सर्व्हलेट कॉन्टेक्स्ट?

सर्व्हलेट म्हणजे ब्राउझरकडून आलेल्या मागणीला उत्तर देणारा जावाचा क्लास. जावाच्या वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये सेटिंग्ज ठेवण्याच्या या दोन जागांची गल्लत नवख्यांचीच होते असे नाही. नावे सारखी आहेत हे एक कारण झालेच. पण खरी मेख अशी, की दोघांकडेही गेटइनिटपॅरामीटर याच नावाची मेथड आहे आणि ती दोन्हीकडे स्ट्रिंगच, म्हणजे मजकूरच, देते.

टॉमकॅटसारखा कंटेनर, म्हणजे सर्व्हलेट चालवणारा सर्व्हर, एखादे सर्व्हलेट सुरू करताना त्याच्या हाती त्याचे स्वतःचे कॉन्फिग देतो. त्यातली मूल्ये वेब-एक्सएमएल या अ‍ॅप्लिकेशनच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये त्या सर्व्हलेटच्या टॅगच्या आत, इनिट-पॅरम म्हणून लिहिलेली असतात. एकच क्लास दोन नावांनी नोंदवला, तर कॉन्फिगही दोन होतात. कॉन्टेक्स्ट मात्र एका जेव्हीएममध्ये (जावाचा प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेत) अख्ख्या अ‍ॅप्लिकेशनला मिळून एकच असते. त्याचे कॉन्टेक्स्ट-पॅरम कोणत्याही सर्व्हलेटच्या आत न जाता थेट मुळाच्या टॅगखाली येतात आणि सर्व्हलेट, फिल्टर (मागणी वाटेत तपासणारा), लिसनर (अ‍ॅप्लिकेशन सुरू-बंद होण्यासारख्या घटना ऐकणारा) या सगळ्यांना वाचता येतात.

समजा, गृहनिर्माण सोसायटीच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये एक सर्व्हलेट पावती छापते आणि दुसरे थकबाकीची आठवण मेलने पाठवते. सचिवांचा ईमेल पत्ता दोघांनाही लागतो, म्हणून तो कॉन्टेक्स्टमध्ये हवा; पावतीच्या कागदाचा आकार एकट्या पावतीचा प्रश्न, म्हणून तो तिच्या इनिट-पॅरममध्ये. आता कोणी पावतीच्या सर्व्हलेटमध्ये पत्त्यासाठी नुसते गेटइनिटपॅरामीटर लिहिले, तर ती हाक कॉन्फिगकडे जाते, तिथे पत्ता सापडत नाही, आणि ‘इथे नाही तर कॉन्टेक्स्टमध्ये पाहू’ असा शहाणपणा जावा करत नाही. कोड बिनतक्रार कंपाइल होतो, सर्व्हर चालू होतो, आणि पावतीच्या तळाशी ‘संपर्क’ या शब्दापुढे रोमन लिपीतले ‘नल’ (म्हणजे ‘मूल्यच नाही’) छापून येते. आधी गेटसर्व्हलेटकॉन्टेक्स्ट बोलवायचे आणि मग त्याच्याकडून मूल्य मागायचे, एवढाच यावर उपाय आहे.

स्प्रिंग या जावाच्या लोकप्रिय फ्रेमवर्कच्या वेब-एक्सएमएल पद्धतीने हा गोंधळ आणखी वाढवला, कारण तिथे पॅरामीटरचे नावसुद्धा दोन्हीकडे एकच असते: कॉन्टेक्स्टकॉन्फिगलोकेशन. कॉन्टेक्स्ट-पॅरममध्ये लिहिलेले कॉन्टेक्स्टलोडरलिसनर वाचतो आणि त्यातून सामायिक बीन्स (स्प्रिंगने बनवून सांभाळलेले ऑब्जेक्ट) तयार होतात; इनिट-पॅरममध्ये लिहिलेले डिस्पॅचरसर्व्हलेट (मागण्या वाटून देणारे स्प्रिंगचे सर्व्हलेट) वाचते आणि त्यातून त्याच्यापुरत्या बीन्स तयार होतात. डिस्पॅचरला सामायिक बीन्स दिसतात, उलट मात्र नाही. ‘असू द्या दोन्हीकडे’ म्हणून एकच फाइल दोन्ही ठिकाणी दिली, की त्यातल्या सिंगलटन, म्हणजे एकच प्रत असणाऱ्या, म्हणवणाऱ्या बीन्सही दोनदा तयार होतात, आणि वेळापत्रकावर चालणारे आठवणीचे काम त्यात असेल, तर प्रत्येक थकबाकीदाराला दोन-दोन मेल जातात. दोष मेलच्या कोडमध्ये शोधण्यात वेळ जातो. तो तिथे नसतोच.

माझ्या मते निदान दोन घटकांना खरोखर लागते तेवढेच कॉन्टेक्स्टमध्ये ठेवावे. सोय म्हणून सगळेच तिथे टाकले, की एखादे मूल्य बदलण्याआधी ते कोण कोण वाचते हे साऱ्या कोडमध्ये शोधत बसावे लागते. मोह होतो हे खरे, पण 2009 मध्ये आलेल्या सर्व्हलेट 3.0 पासून इनिट-पॅरम त्या क्लासच्या डोक्यावर अ‍ॅनोटेशनमध्येच (कोडमध्येच @ लावून लिहिलेल्या खुणेत) लिहिता येतात. कॉन्टेक्स्ट-पॅरमसाठी असे अ‍ॅनोटेशन नाही. ते वेब-एक्सएमएलमध्ये लिहावे लागतात किंवा अ‍ॅप्लिकेशन सुरू होतानाच कोडमधून भरावे लागतात.