पोला नेग्री आणि हिटलर: एका जुन्या अफवेचा खुलासा

मूकपटांच्या काळातील विख्यात पोलिश अभिनेत्री पोला नेग्री या हिटलरच्या प्रेयसी होत्या, असे आजही बिनदिक्कत सांगितले जाते. ही निव्वळ वावडी आहे, आणि तिचे मूळ शोधता येते.

वॉर्सा आणि बर्लिन गाजवून १९२२ मध्ये हॉलिवूडला गेलेल्या नेग्री बोलपटांच्या आगमनानंतर युरोपात परतल्या व १९३५ मध्ये ‘माझुर्का’ या जर्मन चित्रपटात झळकल्या. त्यांच्या वंशाविषयी शंका काढून नाझी प्रचारमंत्री गोबेल्सने त्यांच्या कामात अडथळा आणला, तेव्हा हिटलरने तो दूर केला; त्याला हा चित्रपट आवडत असे, असेही सांगतात. एवढ्या भांडवलावर एका फ्रेंच सिनेनियतकालिकाने १९३७ मध्ये प्रेमप्रकरण रचले. नेग्रींनी त्याच्यावर खटला भरला आणि तो जिंकला, हे मात्र अफवा सांगणारे हमखास गाळतात.

अफवा चटकन पटली, याला त्यांची आधीची प्रसिद्धीही कारणीभूत होती. १९२६ मध्ये त्यांचा प्रियकर, हॉलिवूडचा मूकपट-नायक रुडॉल्फ व्हॅलेंटिनो याच्या अंत्यविधीसाठी त्यांनी लाल गुलाबांची प्रचंड पुष्परचना पाठवली होती आणि तिच्यात पांढऱ्या फुलांनी ‘पोला’ ही अक्षरे गुंफलेली होती. परंतु दिखाऊपणाची आवड हा हुकूमशहाशी संबंध असल्याचा पुरावा ठरत नाही, आणि तसा तो ठरवणे या कर्तबगार अभिनेत्रीवर उघड अन्याय आहे. युद्धकाळात, १९४१ मध्ये, त्या अमेरिकेला परतल्या आणि १९५१ मध्ये तेथील नागरिक झाल्या.