तपासलेला शुक्राणू वापरता येत नाही

शुक्राणूचा आकार नीट दिसावा म्हणून वीर्याचा थेंब काचपट्टीवर पसरून वाळवतात, अल्कोहोलमध्ये पक्का करतात आणि रंगवतात. त्याचा डीएनए शाबूत आहे का हे बघायचं असेल, तर आधी आम्ल घालावं लागतं किंवा पेशीचं आवरण विरघळवावं लागतं. दोन्हीकडे शुक्राणू मरतो. ज्याची पुरती माहिती मिळाली तो कामातून गेला, आणि ज्याला बीजांडापर्यंत पोचवायचं त्याच्याबद्दल अंदाजच बांधायचा, अशी ही अडचण आहे. वंध्यत्व उपचारांत शुक्राणू निवडायच्या ज्या पद्धती आहेत, त्या सगळ्या या अडचणीतून काढलेल्या वाटा आहेत. त्यांतल्या सर्वांत भरवशाच्या पद्धती जुन्या आणि साध्या आहेत, हे आधीच सांगितलेलं बरं.

सुरुवात नमुन्यापासून. नमुन्याआधी २ ते ७ दिवसांचा खंड हवा, म्हणजे तेवढे दिवस वीर्यपात झालेला नसावा, कारण खंड कमीजास्त झाला की संख्याही बदलते आणि दोन तपासण्यांची तुलना करता येत नाही. वीर्याच्या पहिल्या भागात शुक्राणू सर्वांत जास्त असतात. तोच भाग सांडला तर अहवालातली संख्या खोटी कमी येते, म्हणून सांडल्याचं न लाजता सांगावं. साध्या निरोधात आणि बऱ्याच वंगणांत शुक्राणूंना मारक द्रव्यं असतात, त्यामुळे दोन्ही वर्ज्य. नमुना घरून आणायचा असेल तर शरीराजवळ धरून, तासाभराच्या आत.

ताजं वीर्य घट्ट गुठळीसारखं असतं. साधारण १५ ते ३० मिनिटांत ते आपोआप पातळ होतं, काही नमुने तासभर घेतात. पातळ होण्याआधी मोजायला घेतलं की गुठळीत अडकलेले शुक्राणू मोजणीतून निसटतात. फार उशीर केला तरी घोटाळाच, कारण काळ जाईल तशी हालचाल मंदावते. म्हणून हालचाल शक्यतो अर्ध्या तासात, फार तर तासाभरात बघतात. सूक्ष्मदर्शकाचा तापलेला मंच ३७ अंशांवर असतो. मंच थंड असेल तर चांगला पोहणारा शुक्राणूही संथ दिसतो.

संख्या मोजायला न्यूबॉर चेंबर लागतं. ही जाड काच असते, तिच्यावर बारीक चौकटी कोरलेल्या असतात आणि झाकणपट्टीखाली बरोबर ०.१ मिलिमीटर खोली राहते. ५० मायक्रोलिटर वीर्य ९५० मायक्रोलिटर द्रावणात मिसळलं की २० पट विरळ होतं. द्रावणातल्या फॉर्मॅलिनमुळे शुक्राणू जागच्या जागी थांबतात. वीर्य चिकट असल्यानं साध्या पिपेटच्या टोकात थोडं राहून जातं, म्हणून दट्ट्याचं पिपेट वापरतात. दोन वेगवेगळी मिश्रणं करायची, प्रत्येकात किमान २०० शुक्राणू मोजायचे, आणि दोन्ही आकड्यांत ठरलेल्यापेक्षा जास्त फरक आला तर ती मोजणी टाकून पुन्हा करायची. कंटाळवाणं काम आहे, पण त्यामागे साधं गणित आहे. ४०० शुक्राणू मोजले तर नमुना निवडीतली चूक ५ टक्क्यांच्या आसपास राहते, २५ मोजले तर ती २० टक्के होते. घाईत केलेल्या तपासणीवर औषधोपचार ठरवणं म्हणूनच धोक्याचं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या मार्गदर्शिकेत खालच्या मर्यादा अशा आहेत: वीर्य १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण ३ कोटी ९० लाख, हलणारे ४२ टक्के, पुढे पोहणारे ३० टक्के, सामान्य आकाराचे ४ टक्के. या मर्यादा कुठून आल्या ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. ज्यांच्या जोडीदाराला वर्षभरात गर्भ राहिला अशा पुरुषांचे नमुने घेतले आणि त्यांतल्या तळाच्या ५ टक्क्यांवर रेघ मारली. म्हणजे बाप झालेल्यांपैकीही विसातला एक या रेघेखाली आहे. ‘नापास’ असा शेरा त्यावरून मारता येत नाही.

आकाराच्या आकड्यानं सर्वांत जास्त माणसं घाबरतात. सामान्य शुक्राणूचं डोकं सुमारे ४ मायक्रोमीटर लांब, गुळगुळीत आणि लंबगोल असतं. त्याच्या ४० ते ७० टक्के भागावर टोपीसारखं अ‍ॅक्रोसोम असतं, त्यातल्या विकरांनी बीजांडाभोवतीचं कवच भेदायला मदत होते. निकष इतके कडक आहेत की शंकास्पद दिसलेला प्रत्येक शुक्राणू असामान्यांत जातो. २०० पैकी ८ सामान्य निघाले की अहवालात ४ टक्के लिहिलं जातं. तोच नमुना पुन्हा बघितला तर निव्वळ योगायोगानं ३ किंवा ६ टक्के येऊ शकतात. तेव्हा ३ टक्के आले म्हणून रात्रीची झोप घालवू नये.

उपचारासाठी वीर्य ‘धुतात’, म्हणजे चांगले पोहणारे शुक्राणू वीर्यद्रव, मृत पेशी आणि पांढऱ्या पेशींपासून वेगळे करतात. यासाठी घनतेच्या थरांची पद्धत सर्वाधिक वापरात आहे. शंकूच्या आकाराच्या नळीत तळाला ८० टक्के सिलिका द्रावण १ मिलिलिटर, त्यावर हलक्या हातानं ४० टक्क्यांचं १ मिलिलिटर, आणि सर्वांत वर १ मिलिलिटर वीर्य. ३०० ते ४०० जी बलानं (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट) १५ ते ३० मिनिटं फिरवलं की घट्ट, परिपक्व डोक्याचे शुक्राणू दोन्ही थर पार करून तळाशी बसतात. मृत आणि अपरिपक्व पेशी थरांच्या सीमेवर अडकतात. मग वरचे थर वरूनच काढून घ्यायचे, नवीन पिपेटनं फक्त तळाचा गोळा उचलायचा, ताज्या माध्यमात (शुक्राणू जिवंत ठेवणाऱ्या द्रवात) मिसळून २०० जीवर ४ ते १० मिनिटं पुन्हा फिरवायचा.

बिघडतं ते बहुतेक छोट्या गोष्टींत. तेच पिपेट वापरलं की नळीच्या भिंतीवरचं वीर्यद्रव गोळ्यात मिसळतं. एका नळीत जास्त वीर्य ओतलं की सीमेवर पेशींची साय धरते आणि चांगले शुक्राणूही तिच्यात अडकतात. आणखी एक चूक सेंट्रिफ्यूजच्या फेऱ्यांची. मिनिटाला १,३०० फेऱ्या म्हणजे १६ सेंटिमीटर त्रिज्येच्या यंत्रात सुमारे ३०० जी, पण १० सेंटिमीटर त्रिज्येच्या यंत्रात जेमतेम १९० जी. यंत्र बदललं आणि फेऱ्यांचा जुना आकडा तसाच ठेवला, तर शुक्राणू कमी का मिळतात याचा शोध आठवडाभर चालतो. न धुतलेलं वीर्य थेट जोरात फिरवणंही वाईट. मृत शुक्राणू आणि पांढऱ्या पेशी एकत्र दाबल्या जातात, त्यांतून निघणारे ऑक्सिजनचे आक्रमक रेणू शेजारच्या चांगल्या शुक्राणूंच्या आवरणाला आणि डीएनएला इजा करतात.

नमुना मुळात चांगला असेल तर ‘स्विम-अप’ पुरतं. १ मिलिलिटर वीर्यावर १.२ मिलिलिटर माध्यम अलगद ओतायचं, नळी ४५ अंशांत कलती ठेवायची म्हणजे दोन्हींचा संपर्क वाढतो, आणि ३७ अंशांवर तासभर थांबायचं. वर पोहून आलेले ते आपले. संख्या थरांच्या पद्धतीपेक्षा कमी मिळते, पण जवळजवळ सगळे हलणारे असतात. बायकार्बोनेटचं माध्यम कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरमध्ये सैल झाकणानं ठेवायचं, हेपेस हे आम्लता सांभाळणारं द्रव्य घातलेलं माध्यम बाहेर घट्ट झाकणानं. हे उलटं झालं की आम्लता बिघडते आणि तासाभरानं शुक्राणू सुस्तावलेले दिसतात.

इक्सीत, म्हणजे शुक्राणू सुईनं थेट बीजांडात सोडतात त्या पद्धतीत, प्रत्येक बीजांडासाठी एकच शुक्राणू लागतो. ही पद्धत १९९२ साली ब्रसेल्सच्या गटानं जगापुढे मांडली. पीव्हीपी या चिकट द्रावणाच्या थेंबात शुक्राणूंचा वेग कमी करतात, २०० ते ४०० पट मोठं करून त्यांतला नीट डोक्याचा, सरळ पोहणारा हेरतात आणि काचेच्या सुईनं त्याची शेपटी थेंबाच्या तळावर दाबून मोडतात. हे दुष्टपणाचं वाटलं तरी गरजेचं आहे. आवरण फाटल्यावरच आतलं प्रथिन बाहेर येऊन बीजांडाला जागं करतं, शेपटी न मोडता सोडलेल्या शुक्राणूनं फलन अनेकदा होत नाही. मग शेपटीकडून सुईत ओढतात, म्हणजे बीजांडात डोकं आधी जातं.

एकही शुक्राणू हलत नसेल तर जिवंत कोणता हे कसं ओळखायचं? इओसिन रंग मेलेल्यांना गुलाबी करतो, पण रंगवलेला नमुना वापरता येत नाही. इथे विरळ, म्हणजे शुक्राणूच्या आतल्यापेक्षा कमी क्षारांच्या, द्रावणाची युक्ती कामी येते. जिवंत आवरण पाणी आत घेतं, शेपटी फुगून वळते. मेलेल्याची तशीच सरळ राहते. वळलेला शुक्राणू लगेच साध्या माध्यमात धुऊन वापरता येतो. गोठवून वितळवलेल्या नमुन्यात शेपट्या आधीच वळलेल्या असू शकतात, तिथे ही खूण फसवते. पेंटॉक्सिफायलिन नावाचं औषध घालून हालचाल जागी करणं हा दुसरा उपाय.

राहता राहिल्या महागड्या पद्धती. आयएमएसआयमध्ये ६,००० पटींहून मोठं करून डोक्यातल्या पोकळ्या शोधतात. मॅक्समध्ये मरणाच्या वाटेवरचे शुक्राणू चुंबकीय कणांना चिकटवून मागे ठेवतात. मायक्रोफ्लुइडिक चिपमध्ये ते बारीक वाटांतून स्वतः पोहत येतात, सेंट्रिफ्यूज लागतच नाही. पिक्सीत हायलुरोनान या बीजांडाभोवतीच्या थरात असणाऱ्या पदार्थाला चिकटणारे परिपक्व समजून निवडतात. तर्क प्रत्येकाचा पटण्यासारखा आहे. पण ब्रिटनमध्ये २,७७२ जोडप्यांवर झालेल्या पिक्सीच्या चाचणीत (२०१९) पूर्ण दिवसांच्या जिवंत बाळाचं प्रमाण २७.४ टक्के आलं, साध्या इक्सीत २५.२ टक्के. हा फरक योगायोगाच्या मर्यादेतला होता. गर्भपात मात्र ४.३ विरुद्ध ७ टक्के, म्हणजे कमी दिसले. इश्रे या युरोपीय संस्थेनं २०२३ साली या जोड-पद्धती सरसकट वापरू नयेत असंच सुचवलं.

अशी एखादी पद्धत कोणी सुचवली तर फलन किती झालं किंवा भ्रूण किती सुंदर दिसले हे आकडे बाजूला ठेवून जिवंत बाळांचा आकडा विचारावा. आणि धुतल्यानंतर हलणारे शुक्राणू एकूण किती उरले, हेही. आययूआय (धुतलेले शुक्राणू गर्भाशयात सोडणं) करायचं की आयव्हीएफ (प्रयोगशाळेत बीजांड आणि शुक्राणू एकत्र ठेवणं) की इक्सी, हे बऱ्याचदा याच आकड्यावर ठरतं. अडीच महिन्यांत मोठा ताप येऊन गेला असेल तर तपासणी पुन्हा करावी, कारण शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात आणि आज दिसणारा नमुना त्या तापातलाच असू शकतो.