कोरड्या खोकल्याची बाटली आणि कफाची बाटली

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटीकडचा पाऊस ओसरून थंडी पडायला लागली की घराघरांत खोकला सुरू होतो आणि कपाटातली मागच्या वर्षीची बाटली बाहेर येते. ‘वहिनी, हेच द्या, आमच्या ह्यांना लगेच गुण आला’ म्हणत शेजारीणही एक आणून देते. घोळ इथंच होतो. डॉक्टर खोकल्यावर दोन उलट कामांची औषधं लिहितात: एक खोकला दाबणारं, दुसरं कफ सुटा करून बाहेर काढणारं. बाटलीचा आकार तोच, औषधाचा रंग तोच, पुष्कळदा कंपनीनं दिलेलं नावही तेच.

फरक नावाच्या शेपटीत असतो. ‘डी’ किंवा ‘डीएक्स’ असेल तर आत बहुधा डेक्स्ट्रोमेथॉर्फन, म्हणजे खोकला दाबणारं. ‘एलएस’ असेल तर लेव्होसालब्युटामॉल, जोडीला अँब्रॉक्सॉल आणि ग्वायफेनेसिन, म्हणजे कफाची बाटली. पण नुसत्या शेपटीवर विसंबू नका. घटकांची बारीक अक्षरं वाचा. ती इंग्रजीत, दुकानदार कन्नडमधून सांगणार आणि घरी आजीला समजवायचं मराठीत. तेव्हा दुकानातच ‘कोरड्याचं की कफाचं?’ विचारून बाटलीवर पेनानं लिहून घेतलेलं बरं.

दाबणारं औषध मेंदूतल्या खोकल्याच्या केंद्रावर काम करतं. कोरड्या ढासेनं रात्रभर डोळा लागत नसेल तर त्याचा उपयोग. छातीत कफ घुरघुरत असताना तेच घेतलं तर खोकला थांबतो आणि कफ आतच साचतो. दमेकऱ्याला हे महागात पडू शकतं. त्यात क्लोरफेनिरामिन हे सर्दी-अ‍ॅलर्जीचं औषध असलं तर गुंगी ठरलेली. गळीत हंगामात रात्री उसाची ट्रॉली ओढणाऱ्यानं किंवा चोर्ला घाटातून गोव्याला निघालेल्यानं ते घेऊन स्टिअरिंगला हात लावू नये. दारू तर नकोच. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगावं, कारण त्यातल्या काहींशी डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं जमत नाही.

कोडीन याच गटातलं, पण अफूच्या कुळातलं. सवय लागते, जास्त झालं तर श्वास मंदावतो. 12 वर्षांखालच्या मुलांना ते देत नाहीत. मार्च 2014 पासून ते चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या ‘एच1’ या सरकारी यादीत आहे, म्हणजे दुकानदारानं वेगळ्या वहीत नोंद करून ती 3 वर्षं जपायची. चिठ्ठीशिवाय देणारा मेडिकलवाला ओळखीचा असला तरी उपकार करत नाही.

कफाच्या बाटलीनं सहसा गुंगी येत नाही, म्हणून लोक ती निर्धास्त पितात. लेव्होसालब्युटामॉलनं मात्र हात थरथरतात, छाती धडधडते. हृदयविकार, थायरॉइड, मधुमेह यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना ते माहीत हवं.

लहान मुलांना दोन्ही बाटल्या परस्पर देऊ नयेत. मध्य प्रदेशात छिंदवाड्याला डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या सिरपनं मुलं दगावली, तेव्हा ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं कळवलं: 2 वर्षांखाली खोकल्याचं औषध नको, 5 वर्षांखालीही साधारणपणे नको. मोठ्या मुलाला लिहून दिलंच, तर 5 मिली म्हणजे टोपणावरच्या खुणेपर्यंत. स्वयंपाकघरातला चमचा मापाचा नसतो.

रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल घेणाऱ्याला त्या गोळीमुळंच कोरडा खोकला लागला असेल, तर तो यातल्या कुठल्याच बाटलीनं जात नाही. गोळी बदलायची का, ते डॉक्टर ठरवतील. आणि निपाणीत तंबाखूच्या धुळीत काम करणाऱ्या बायका ‘धुळीनंच होतंय’ म्हणून महिनोन् महिने सिरप पितात. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला की सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. क्षयाची ती तपासणी तिथं फुकट होते.